दिव्याची म्हातारी

१

दिवे परत आले तेव्हा चौकटीत म्हातारी नव्हती.

सोनेरी चौकट भिंतीवर होती तिथंच होती, पण तिच्यातून मागचं काळं कापड दिसत होतं. क्षणभर कुणालाच काही उमगेना. रांगेत पुढं उभ्या असलेल्या बायका टक लावून बघत राहिल्या, जणू म्हातारी जरा पाणी प्यायला गेलीय आणि आत्ता परत येईल. मग चित्रांची माहिती सांगणारी नीला सबनीस किंचाळली आणि सगळा हॉल एकदम बोलू लागला.

"साहेबराव, दार लावा! कुणाला बाहेर सोडू नका!" कुसुमताई भेगडे ओरडल्या.

दारावरच्या साहेबरावानं अडसर टाकला. त्याचा दणका ऐकला तेव्हा कुसुमताईंच्या ध्यानात आलं. आपण दिलेला शब्द आपल्याच तोंडानं मोडला होता.

पिंपरीच्या सुवर्णेश पंप कंपनीत त्या कामगार कल्याण अधिकारी होत्या. कंपनीला दहा वर्षं झाली म्हणून हॉलंडच्या भागीदार कंपनीनं आपल्या संग्रहातली चित्रं प्रदर्शनासाठी पाठवली होती. व्हान ऑस्तेन नावाचा तीनशे वर्षांपूर्वीचा चित्रकार. अंधार रंगवण्यात त्याचा हातखंडा. बाकीची चित्रं कागदावरची होती, पण एक अस्सल तैलचित्र होतं, हातभर उंचीचं. वाऱ्यापासून मेणबत्ती तळव्यानं झाकणारी एक म्हातारी, तिच्या बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड आणि भोवती मिट्ट काळोख. कामगारांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं, दिव्याची म्हातारी.

प्रदर्शन फक्त साहेब लोकांसाठी ठेवावं, असं जनसंपर्क अधिकारी विद्याधर आगाशे म्हणत होते. कुसुमताई भांडल्या होत्या. "चित्रं कंपनीच्या वाढदिवसाला आली आहेत. कंपनी काय आपल्या दोघांनी चालवली?" शेवटी मोठ्या साहेबांनी होकार दिला. मग कुसुमताईंनी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. रोज सुटताना फाटकावर कामगारांची अंगझडती होते. चित्रं बघायला ती माणसं बायकामुलांना घेऊन येतील तेव्हा पाहुणी म्हणून येतील. झडती होणार नाही. जबाबदारी माझी.

आणि माणसं आली होती. चिंचवड, भोसरी, मोशीहून, पार चाकण-महाळुंग्याकडून बस भरभरून. आज रविवार, शेवटचा दिवस, तर कँटीनच्या हॉलमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती.

गर्दीतून वाट काढत आगाशे आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण शब्द तयार होते.

"भेगडेबाई," ते म्हणाले, "बघितले तुमचे पाहुणे?"

२

इन्स्पेक्टर मालोजी शितोळे मोजकं बोलणारा माणूस होता. त्यानं हॉलवरून एक नजर फिरवली. चित्रांवरचा उजेड खुलावा म्हणून सगळ्या खिडक्या काळ्या कापडानं झाकल्या होत्या.

"म्हणजे दिवे गेले की भरदुपारी अमावास्या," तो म्हणाला. "वीज जाणार हे ठाऊक होतं?"

"सगळ्यांना," कुसुमताई म्हणाल्या. "वीजकपातीची वेळ फळ्यावर लिहिली होती. जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढाच अंधार."

"तेवढ्यात चित्राजवळ कोण होतं?"

चित्रापुढं जाड दोरी बांधून रांग अडवली होती. दोरीच्या आत दोघंच. एक, चित्रांबरोबर हॉलंडहून आलेले डी व्रीस. उंच, पिकल्या केसांचे, रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक चित्र स्वतः तपासणारे. ते चित्राशेजारच्या खुर्चीवर बसलेले. दुसरी नीला. ती पलीकडच्या टेबलापाशी, येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला भेट म्हणून म्हातारीचं छापील चित्र देत होती. डी व्रीस यांच्या आग्रहानं ते पोस्टर अगदी मूळ मापात छापून घेतलं होतं. त्यामुळे हॉलमध्ये ज्याच्या त्याच्या हातात कागदाची सुरळी होती.

"आणि दोरीच्या बाहेर रांगेत सगळ्यात पुढं ज्ञानदेव ओव्हाळ," आगाशे मधेच म्हणाले. "आमच्या पेंट शॉपचा कामगार. रोज येऊन तासन्‌तास चित्रापुढं उभा राहतो. कशाला राहतो, ते आता कळलं."

डी व्रीस कपाळाला हात लावून बसले होते. त्यांचं इंग्रजी कुसुमताईंनी इन्स्पेक्टरला मराठीत सांगितलं. "ते म्हणतात, दिवे जायच्या जरा आधीच मी भिंग लावून चित्र पाहिलं. ती तिथं होती. अगदी सुखरूप होती. अंधारात कुणीतरी मला धक्का दिला. मला वाटलं, गर्दी आहे."

भिंग लावून बघताना त्यांना निम्म्या हॉलनं पाहिलं होतं.

मग झडती झाली. पुरुषांची शिपायांनी घेतली, बायकांची कुसुमताई आणि नीलानं. पिशव्या, डबे, लेकरांची दुपटी, काही सोडलं नाही. भोसरीची एक बाई लुगड्याचा पदर झटकून दाखवत म्हणाली, "ताई, तुमीच म्हनला व्हता ना, पाव्हण्यावानी या?" कुसुमताईंनी मान खाली घालून पुढची पिशवी उघडली.

चित्र मिळालं नाही. पण ज्ञानदेवच्या पिशवीत एक वही निघाली. पानापानावर म्हातारीचा हात, म्हातारीची हनुवटी, मेणबत्तीची ज्योत. आणि वहीखाली एक दाढीचं पातं.

"घ्या!" आगाशे ओरडले.

बाहेर खबर पोचली होती. बंद दारापलीकडून घोषणा ऐकू येऊ लागल्या.

३

ज्ञानदेवला कँटीनच्या कोठीत बसवलं होतं. कुसुमताई आत गेल्या तेव्हा त्याच्या गालावर पाचही बोटं उमटलेली होती.

"कुणी मारलं?"

"राहू द्या, ताई."

"ज्ञानदेव, पातं कशाला होतं?"

"पेन्सिलीला टोक करायला. गिरमिटानं शिसं मोडतं." तो जरा थांबला. "हे मी सांगितलं त्यांना. ऐकून घेतलं न्हाई कुणी."

"अंधारात तू कुठं होतास?"

"होतो तिथंच. दोरीला धरून. मागून रेटा आला, कुणाचा तरी पाय पडला पायावर. कागद सांडल्याचा आवाज आला. फडफड फडफड. लोकांच्या हातातले पोस्टर पडले असतील. एवढंच."

"आज तू फार वेळ थांबला नव्हतास, नीला म्हणत होती. रांगेत येऊन मागं वळलास आणि परत रांगेत लागलास."

"आज काय दिसतच नव्हतं नीट. दोरी मागं घेतलेली, वरचा दिवाही बाजूला केलेला. म्हटलं, दुसऱ्यांदा जाऊन बघू, नजर बसली तर बसली." त्यानं गाल चोळला. "ताई, माझ्या आईला निरोप द्या. बाहेर आरडाओरडा ऐकून ती घाबरंल."

कुसुमताई उठल्या. शब्द द्यावा असं ओठांवर आलं होतं, पण एका दिवसात दोन शब्द मोडायची त्यांची तयारी नव्हती.

बाहेर आल्या तर शितोळे दारातच उभा. "बाई, दिवस मावळायच्या आत मला हा हॉल रिकामा करावा लागेल. आत लेकरं रडतायत, बाहेर जमाव वाढतोय. दार उघडलं की माल गेला तो गेला. आणि काहीच हाती नसेल तर या पोराला घेऊन जाणं मला भाग आहे."

"साहेब, मला एकदा ती चौकट बघू द्या."

४

चौकटीपाशी जाऊन कुसुमताई नुसत्या उभ्या राहिल्या. हात लावला नाही. वीज गेल्यापासून चौकट तशीच होती. शितोळेनं तिथं शिपाई उभा केला होता.

पहिली गोष्ट त्यांना दिसली ती अशी की चौकट सरळ होती. घरात देवाच्या तसबिरीची धूळ झटकली तरी ती वाकडी होते. आणि इथं भरगर्दीत, काळोखात, घाईघाईत कुणी चित्र काढून नेलं, तरी चौकट एवढीशीही कलली नव्हती.

"नीला, चित्र चौकटीत कसं बसवलेलं होतं?"

नीलाचे डोळे रडून सुजले होते. "मागून, ताई. कापड लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं असतं. ते मागच्या बाजूनं चौकटीत बसवून खिळे मारतात."

"म्हणजे काढायचं तर चौकट खाली उतरवावी लागणार."

"हो. किंवा मग…" नीला चाचरली, "पुढून कापायचं. पात्यानं."

"कापलं तर कडेला काय राहील?"

"कापडाची कड राहील. दोरे लोंबतील."

कुसुमताईंनी चौकटीची आतली कड निरखली. एकही दोरा नव्हता. चौकट उतरवलेली नाही, कापड कापलेलं नाही. मग हातभर उंचीचं चित्र गेलं कसं? त्या आणखी जवळ गेल्या. खालच्या डाव्या कोपऱ्यात, कडेच्या मागं, काहीतरी पांढरं चिकटलं होतं. कागदाचा नखाएवढा कपटा. पुढची बाजू गुळगुळीत, तपकिरी. मागची पांढरी, तिला वाळलेली खळ.

त्यांनी तो शितोळेला दाखवला. तो खांदे उडवून म्हणाला, "जुनी चौकट आहे. असेल काहीतरी."

"तीनशे वर्षांपूर्वीच्या कापडाच्या चित्राला असला चकचकीत कागद?"

वायरमन कोंडीराम शिडीवर चढून दिवा सरळ करत होता. कुसुमताईंनी त्याला खाली बोलावलं.

"कोंडीराम, हा दिवा तुम्ही बाजूला कधी केला?"

"आज सकाळीच, बाई. दारं उघडायच्या आदी."

"कुणी सांगितलं?"

"त्या गोऱ्या सायबानं. खुणा करून. म्हनं, दिव्याची धग लागती चित्राला, गर्दी बी लई होनार. दोरी बी त्येनंच मागं घेतली. मी म्हनलं, चित्र त्येचं, काळजी त्येला."

"सकाळी हॉलमध्ये आणखी कोण होतं?"

"मी, सायब आन ह्या नीलाबाई. सायब आमच्या आदीच येऊन बसलेलं."

काळजी. कुसुमताईंनाही ते तेव्हा तसंच वाटलं असतं. पण आता त्यांच्या तळव्यात तो कपटा होता.

तेवढ्यात आगाशे आले. "इन्स्पेक्टरसाहेब, मिस्टर डी व्रीस यांना मुंबईला जायला हवं. वकिलातीत कळवायचंय. मी माझी गाडी देतोय. ते सामान आणायला आवारातल्याच गेस्ट हाउसवर गेलेत. त्यांना तर तुम्ही अडवणार नाही ना?"

"त्यांना कशाला अडवू?" शितोळे म्हणाला.

५

हॉलच्या कोपऱ्यात सासूसुनेचं भांडण लागलं होतं. मोशीच्या सोजरबाई आणि त्यांची सून गिरजाबाई. एवढ्या ताणात ते भांडण ऐकून आजूबाजूच्या चार बायका हसल्याही. कुसुमताई समजूत घालायला गेल्या.

"काय झालं, सोजरबाई?"

"काय न्हाई वो. अंधारात माजा कागद पडला, उजेड आल्याव खालचा उचलला. तर ही म्हनती, ह्यो आपला न्हवंच."

"न्हाईच आपला!" गिरजाबाई तणतणली. "आपल्या कागदाव खाली कंपनीचं नाव व्हतं. भिंतीला लावला तर लोकास्नी दिसलं आसतं की आमचं मालक हितं कामाला हाईत. ह्येच्याव एक अक्षर न्हाई. आन वर फाटका!"

कुसुमताईंनी कागद हातात घेतला. तो उलगडला.

म्हातारी होती. ज्योत होती. खालची कंपनीच्या नावाची पट्टी सरळ रेषेत कापून टाकलेली होती. चारही कोपरे फाटके होते, मागच्या बाजूला कडेकडेनं खळीचे डाग. त्यांनी तळव्यातला कपटा खालच्या डाव्या कोपऱ्याला लावला. तो तिथं चपखल बसला.

"बाई, फाटका हाय म्हनून दुसरा देता का?" सोजरबाई म्हणाल्या.

"दोन देते," कुसुमताई म्हणाल्या, आणि तो कागद घेऊन जवळजवळ पळतच शितोळेकडे गेल्या.

६

"साहेब, अंधारात चित्र चोरीला गेलंच नाही."

शितोळे बघत राहिला. आगाशेंच्या कपाळावर आठी चढली.

"अंधारात चौकटीत हे होतं." त्यांनी पोस्टर पुढं धरलं. "खळीनं चिकटवलेला कागद. म्हणून चौकट कलली नाही, दोरे राहिले नाहीत. एक हिसका दिला की कागद पुढून हातात. त्याची सुरळी करून खाली टाकली की झालं. हॉलभर तसल्याच सुरळ्या. आपण सगळ्यांचे खिसे तपासले, पदर तपासले. हातातला कागद कुणी उलगडून बघितला? खरं चित्र त्याआधीच गेलेलं होतं. जी माणसं आज सकाळनंतर इथं आली, त्यातल्या एकानंही ते पाहिलेलं नाही."

"आज इतक्या लोकांनी पाहिलं की!" आगाशे म्हणाले.

"दोरी मागं घेतलेली, दिवा बाजूला केलेला, मागून रांगेचा रेटा. लोकांना जेवढं दिसू दिलं, तेवढंच त्यांनी पाहिलं."

शितोळेचा आवाज खाली आला. "मग सकाळी इथं होते ते तिघं. वायरमन, ही मुलगी आणि साहेब. तिघांपैकी कोण?"

कुसुमताईंनी नीलाकडे हात पसरला. बारीक रेघांची चित्रं जवळून दाखवायला नीला गळ्यात एक भिंग बाळगत असे. ते त्यांनी शितोळेच्या हातात दिलं आणि पोस्टर टेबलावर पसरलं.

"बघा यातून."

शितोळे वाकला. "ठिपके दिसतात. लाल, पिवळे, काळे. नुसते ठिपकेच ठिपके."

"छापलेल्या चित्राला भिंग लावलं की ठिपके दिसणारच. तुम्हाला दिसले, मला दिसले, शाळेतल्या पोरालाही दिसतील. आणि या चित्राची रोज दोनदा तपासणी करणारा माणूस म्हणतो, दिवे जायच्या जरा आधी मी भिंग लावून पाहिलं आणि चित्र सुखरूप होतं. बाकी आम्ही सगळे फसू शकतो, साहेब. ज्याला फसवणं शक्यच नव्हतं, तोच ते खरं चित्र होतं म्हणतोय."

शितोळेनं भिंग खाली ठेवलं. बाहेरच्या घोषणा वाढल्या होत्या.

"अंधारात दोरीच्या आत तो होता, हात लांब केला की चौकट," कुसुमताई म्हणाल्या. "नीलाचं टेबल पलीकडं. कोंडीराम त्या वेळी जनरेटरपाशी होता. ज्ञानदेव दोरीबाहेर."

"परदेशी पाहुणा आहे, बाई," शितोळे हळूच म्हणाला. "सामान उघडलं आणि काही निघालं नाही, तर माझी बदली होईल, तुमची नोकरी जाईल."

"आणि नाही उघडलं तर ज्ञानदेव जाईल."

आगाशेंनी घसा खाकरला. "माझी गाडी… ती आत्ता फाटकावर पोचली असेल."

७

गाडी फाटकाच्या आतच अडकली होती. बाहेर जमाव, आत पहारेकरी, मधे इंजिन सुरू ठेवून बसलेला ड्रायव्हर. घोषणा देणाऱ्यांनी कुसुमताईंना पाहिलं आणि आवाज आणखी चढला. "ज्ञानदेवला सोडा!"

शितोळेनं गाडीच्या काचेवर टकटक केली. डी व्रीस उतरले नाहीत. काच खाली करून ऐकत राहिले. कुसुमताईंनी इंग्रजीत सांगितलं. त्यांना वाटलं होतं, हा माणूस चिडेल. तो चिडला नाही. उलट दमल्यासारखा हसला.

"जरूर बघा. डिकीत आहे सगळं."

बॅगा उघडल्या. कपडे, बूट, औषधांच्या बाटल्या, कागदावरच्या चित्रांच्या याद्या. शितोळेनं अस्तरं चाचपली, बॅगांचे तळ ठोकून बघितले. काही नाही. त्यानं कुसुमताईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"झालं समाधान?" डी व्रीस म्हणाले. "माझं विमान चुकू नये, एवढीच इच्छा आहे."

वकिलातीत कळवायला निघालेल्या माणसाचं विमान! कुसुमताईंच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. त्यांनी पुन्हा गाडीत पाहिलं. सगळं सामान डिकीत होतं. एकच वस्तू त्यानं मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी धरली होती: काचेची मोठी तसबीर. कारखान्याच्या सगळ्या कामगारांचा फोटो. परवाच्या समारंभात कंपनीनं त्याला भेट दिलेला. चिंचवडच्या तसबीरवाल्याकडून तो कुसुमताईंनीच करून आणला होता.

"साहेब," त्या डी व्रीस यांना म्हणाल्या, "या फोटोतल्या एका तरी माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी फोटोकडे पाहिलंही नाही.

"कोट डिकीत कोंबलात, औषधं कोंबलीत. आणि आमच्या माणसांचा फोटो मांडीवर घेऊन बसलात. एवढा मान त्यांना आज दिवसभरात कुणी दिला नाही. जरा बघू देता?"

त्याची पकड आवळली. ते शितोळेनंही पाहिलं. आता तो थांबला नाही. दार उघडून त्यानं तसबीर काढून घेतली आणि उलटी केली. मागचा खाकी कागद नवाकोरा होता, खळ अजून ओलसर. शितोळेनं तो कडेनं फाडला, पातळ फळीचे खिळे उचकटले, फळी उचलली.

फोटोच्या पाठीला पाठ लावून म्हातारी होती. कापड लाकडी पट्ट्यांवरून उतरवलेलं, दोन मऊ फडक्यांमध्ये सपाट ठेवलेलं. फाटकावरच्या उन्हात तिच्या बोटांमधला उजेड असा काही पेटला की जवळच्या पहारेकऱ्यानं नकळत हात मागं घेतला.

डी व्रीस आता खाली उतरले. आवाज तसाच शांत होता, पण ओठ सुकले होते.

"आमच्या कंपनीच्या बैठकीच्या खोलीत ती टांगलेली असते. तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. मीच काय तो तिला ओळखत होतो."

"इथं बघत होते," कुसुमताई म्हणाल्या. "मोशीहून, चाकणहून येऊन बघत होते. तीच माणसं तुम्हाला आडोसा म्हणून सोयीची वाटली. चोरी कुणाच्या माथी बसेल, ते तुम्हाला आल्या दिवशीच कळलं होतं. आम्ही फाटकावर त्यांची झडती घेतो, ते तुम्ही पाहिलं होतं ना."

शितोळेनं त्याच्या दंडाला धरलं.

८

हॉलचं दार उघडलं. दुपारपासून कोंडलेली माणसं बाहेर आली, बाहेरची त्यांना भेटली, आणि बातमी रानात वणवा लागावा तशी जमावाच्या शेपटापर्यंत गेली. घरी कुणी गेलं नाही. म्हातारी सापडली म्हणतात, तर दाखवा.

आगाशेंना प्रदर्शन तिथंच बंद करायचं होतं. "आता पुन्हा जोखीम नको."

"जोखीम कुणाकडून होती, ते आत्ताच पाहिलंत," कुसुमताई म्हणाल्या. मोठ्या साहेबांना विचारायला त्या थांबल्या नाहीत. गेस्ट हाउसमध्ये सापडलेल्या मूळ पट्ट्यांवर नीलानं आणि कोंडीरामनं मिळून चित्र पुन्हा ताणलं, चौकटीत बसवलं, दिवा पूर्वीच्या जागी आणला. दोरी पुढं घेतली. शितोळेनं आपले दोन शिपाई दोन बाजूंना उभे केले आणि स्वतः टोपी काढून क्षणभर म्हातारीपुढं उभा राहिला.

ज्ञानदेव कोठीतून बाहेर आला. आगाशे त्याच्यासमोर गेले. "ओव्हाळ, जे झालं ते… गैरसमज झाला."

ज्ञानदेवनं त्यांच्याकडे पाहिलं. "गैरसमज तुमचा झाला, साहेब. मार मला बसला." एवढं बोलून त्यानं पिशवी मागितली. शिपायानं वही दिली आणि जरा ओशाळून पातंही दिलं.

कुसुमताई त्याला हॉलच्या बाजूच्या दाराकडे घेऊन गेल्या. "लोकांना अजून आत सोडलेलं नाही. तू आधी जा. एकटा बघ, हवा तेवढा वेळ. मी दाराशी उभी राहते."

ज्ञानदेव उंबऱ्यापर्यंत गेला. आत म्हातारीच्या हातावरचा उजेड लांबून दिसत होता. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि मग मागं सरला.

"नको, ताई."

"का रे? रागावलास?"

"तुमच्यावर न्हाई." त्यानं वही काखेत मारली. "पण आता एकटा आत गेलो तर उद्या म्हणतील, त्याला बाजूच्या दारानं सोडलं होतं. मी जातो पुढनं."

तो इमारतीला वळसा घालून निघाला. रांग सायकल स्टँडच्याही पलीकडं गेली होती. लोक त्याला ओळखत होते. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी "ज्ञानदेवभाऊ, या की पुढं" म्हणून जागा करून दिली. सोजरबाईंनी तर हात धरून ओढलंच. त्यानं सगळ्यांना हसून नकार दिला, चालत चालत पार शेवटी गेला आणि मुलाला खांद्यावर घेतलेल्या एका माणसाच्या मागं जाऊन उभा राहिला.

कुसुमताईंनी पुढचं दार सताड उघडलं. फाटकावरच्या पहारेकऱ्यांना त्यांनी आत बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या, "तुम्हीही लागा रांगेत. तुम्ही तरी कुठं पाहिलीय तिला?"